किल्ल्याच्या दारातली ओटी

सदाशिव पाटणकरांना किल्ला दिसला नाही की रविवार फुकट गेल्यासारखा वाटायचा, आणि रेल्वेने त्यांना लखनौला पाठवल्यापासून त्यांचे बहुतेक रविवार फुकटच चालले होते. साताऱ्याकडचा माणूस, मान वळवावी तिकडे गड अशा मुलखात वाढलेला. इथे नजर जाईल तिथवर मोहरीची शेतं आणि सपाट जमीन. इमामबाडा पाहून झाला, रेसिडेन्सी पाहून झाली, पण "इमारती चांगल्या आहेत" यापलीकडे साहेबांच्या तोंडून शब्द निघाला नाही. शेवटी ऑफिसात कुणीतरी नूरपूरच्या किल्ल्याचं नाव काढलं. तेलीबागेहून तासाभराचा रस्ता, नदीकाठ, नवाबी घराण्यातली मंडळी शिकारीला येऊन राहायची असा जुना किल्ला. मग काय, साहेबांनी आठवडाभर घर डोक्यावर घेतलं.

वासंतीने नवऱ्याच्या उत्साहाकडे दुर्लक्ष करून आपली तयारी केली. दशम्या, बटाट्याची भाजी, शेंगदाण्याची चटणी आणि एका वेगळ्या पिशवीत ओटीचं सामान: खण, नारळ, तांदूळ, हळदीकुंकवाची कुयरी. संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी यायची होती. छावणीतल्या मराठी बायकांची हळदीकुंकवं अजून चालू होती, म्हणून सामान घरात होतंच. तिच्या माहेरी नेम होता की बाईने गडावर रिकाम्या हाताने जायचं नाही. गड म्हटला की गडाची देवी आली, आणि देवी आली की तिची ओटी भरायची.

"मम्मी, वो नवाब का किला है," मैत्रेयी म्हणाली. पंधरा वर्षांच्या या मुलीला मराठी सगळं कळायचं, पण तोंड उघडलं की हिंदीच बाहेर पडायची.

"नवाबाचा असू दे. जमीन तर देवीचीच ना?" वासंतीने पिशवीची गाठ मारली आणि विषय संपवला.

भाड्याची मारुती व्हॅन आणि जगदीश नावाचा बोलघेवडा ड्रायव्हर घेऊन ते निघाले तेव्हा धुकं असं दाट होतं की रस्त्यालगतची झाडंसुद्धा जवळ आल्यावर दिसायची. जगदीश वाटभर बोलत होता. वर्षापूर्वीच्या दंगलीत, कर्फ्यूत तो कसा अडकला, कुठल्या गल्लीत काय झालं, कोण परत आलं नाही. सदाशिवराव अधूनमधून 'अच्छा' म्हणत होते. वासंतीला ते ऐकायचं नव्हतं. त्या कर्फ्यूच्या दिवसांत ती रेल्वे कॉलनीच्या दारं लावलेल्या क्वार्टरमध्ये बसून होती आणि या शहराशी आपलं काही देणंघेणं नाही, असं तिने मनाशी ठरवून टाकलं होतं.

किल्ला धुक्यातून एकदमच पुढे आला. बारक्या लखौरी विटांची उंच भिंत, जागोजागी खचलेली, आणि मधोमध एक अवाढव्य दरवाजा. "विटांचा किल्ला," सदाशिवराव म्हणाले आणि तरी त्यांचे डोळे चकाकले. दरवाज्यातल्या छोट्या दिंडीतून एक म्हातारा वाकून बाहेर आला. पांढरी दाढी, अंगात जुना कोट, बोलण्यात अशी अदब की सदाशिवरावांनी नकळत हात जोडले. मुंतज़िर मियाँ त्याचं नाव. त्याच्या पणजोबांपासून किल्ल्याची किल्ली याच घराकडे होती, आणि दरवाज्याला लागून असलेल्या दोन खोल्यांत हे कुटुंब राहत होतं. आतल्या चौकाची किल्ली आणतो, म्हणून तो खोलीत गेला. बापलेक दरवाज्यावरचे मासे कोरलेले दगड बघायला बाहेरच थांबले.

वासंती दिंडीतून आत आली. देवडीत अंधार होता आणि गारवाही. डोळे सरावले तशी तिला भिंतीतला कोनाडा दिसला, आणि कोनाड्यात एक काळा, गोल, तुळतुळीत दगड. हात फिरून फिरून गुळगुळीत झालेला. वर दिव्याची काजळी धरलेली. तिच्या गावाजवळच्या गडावर पहिल्या दरवाज्यात डाव्या हाताला अशीच देवी होती, तिलाही नाकडोळे नव्हते. एवढ्या दिवसांत या मुलखात तिला एकही देव आपला वाटला नव्हता, आणि ही इथे, दारातच, वाट बघत असल्यासारखी बसली होती.

तिने चप्पल काढली. दगडाला हळद लावली, कुंकू लावलं, खण पसरून त्यावर नारळ ठेवला, तांदूळ वाहिले. पदर पुढे घेऊन हात जोडले आणि मुलीचं दहावीचं वर्ष नीट पार पडू दे, एवढंच मागितलं. बरं वाटलं. खरंच फार बरं वाटलं.

मागे किल्ल्यांचा जुडगा वाजला. मुंतज़िर मियाँ उभा होता. त्याने कोनाड्याकडे पाहिलं, मग दिंडीतून बाहेरच्या रस्त्याकडे पाहिलं, आणि त्याचा चेहरा पार उतरला.

"बहनजी," तो हळू आवाजात म्हणाला, "एक गुज़ारिश है. ये फाटक का अड़ंगा है. रात को फाटक के पीछे लगाते हैं. आप मेहरबानी करके ये सब अपने हाथ से उठा लीजिए."

वासंतीच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. दाराला लावायचा दगड म्हणे. देवीला दाराचा दगड म्हणतो. "एकदा वाहिलेली ओटी उचलत नाहीत," ती आपल्या मोडक्या हिंदीत म्हणाली. "तुम्हाला नको असेल तर तुम्ही उचला."

"मेरे हाथ से उठी तो बात कुछ और हो जाएगी. मैं छू भी नहीं सकता. आप उठाएँगी तो कुछ नहीं होगा."

तेवढ्यात सदाशिवराव आत आले. काय चाललंय ते ऐकून त्यांनी म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "अरे मियाँजी, जाने दीजिए. थोड़ा-सा कुंकू ही तो है. जाते वक़्त देख लेंगे."

म्हाताऱ्याने मान डोलावली. पाहुण्यांशी दोनदा वाद घालणं त्याच्या स्वभावात नव्हतं, आणि हेच पुढे सगळ्यांना महागात पडलं.

त्याची बायको सकीना चहा घेऊन आली. बरोबर सून होती, नुज़हत. बाईचा सातवा महिना तरी असावा, चालताना ती एक हात कमरेवर ठेवत होती. वासंतीकडे बघून ती हसली, मैत्रेयीला जवळ बसवून घेतलं, कुठल्या शाळेत जातेस वगैरे विचारलं. तिचा नवरा कानपुरात चामड्याच्या कारखान्यात होता आणि माहेर अमीनाबादला. सकीनाने कपातला चहा संपेपर्यंत कोनाड्याकडे बघितलं नाही. बघितलं तेव्हा ती सुनेला म्हणाली, "अंदर जाओ, दुल्हन." वासंतीला आपलं उगीच अवघडल्यासारखं झालं, पण अवघडलेपणापेक्षा राग जास्त होता. मीच काय चुकीचं केलं, असं ती मनात घोळवत राहिली.

किल्ला पाहण्यासारखा होता. मुंतज़िर मियाँने त्यांना आधी तळघरात नेलं. उन्हाळ्यात बेगमा इथे बसायच्या, नदीचा वारा या झरोक्यांतून यायचा, असं तो सांगत होता. आता खाली गुडघाभर काळं पाणी साचलं होतं आणि वटवाघळांचा वास येत होता. सदाशिवराव टॉर्च मारून कमानी मोजत होते, चोरवाट कुठे असेल याचे अंदाज बांधत होते. म्हाताऱ्याचं लक्ष मात्र दुसरीकडेच होतं. एक गोष्ट सांगता सांगता तो मध्येच थांबला आणि कान देऊन ऐकू लागला. वर दरवाज्याशी स्कूटर थांबल्याचा आवाज आला होता.

ते वर आले तेव्हा दोन तरुण पोरं देवडीत उभी होती. स्वेटर, मफलर, हातात बूट. हो, बूट हातात काढून घेतलेले. एकाने कोनाड्यापुढे डोकं टेकलं. दुसऱ्याने मुंतज़िर मियाँकडे बघून हसून विचारलं, "चाचा, ये कब से है? आपने कभी बताया नहीं." पोरांना उत्तराची गरज नव्हती. ती स्कूटरला किक मारून धुक्यात गेली.

वासंतीला त्या हसण्याने कसंसंच झालं. बघा, मी म्हणत होते ना देवीच आहे, लोकही मानतात, असं म्हणायला तोंड उघडलं होतं तिने. ते तिने मिटून घेतलं.

दुपारी ते नदीच्या बाजूच्या बुरुजावर जेवायला बसले. धुकं हटलं होतं, ऊन आलं होतं. मैत्रेयीने दशमीचा तुकडा मोडला आणि रस्त्याकडे बोट दाखवलं. "पापा, मेला है क्या?"

रस्त्याने माणसं येत होती. आधी चारपाच, मागून एक ट्रॅक्टर, त्याच्या ट्रॉलीत बायका. कुणीतरी घंटा वाजवत होतं. एकाच्या खांद्यावर बांबू होता आणि बांबूला कापड. कुणी ओरडत नव्हतं, कुणी घाईत नव्हतं. सणाला निघावं तशी माणसं आनंदात चालत होती. म्हाताऱ्याने काय मागितलं होतं, का मागितलं होतं, ते तिला त्या क्षणी कळलं. दोन मिनिटांचं काम होतं. खण, नारळ, तांदूळ उचलायचे आणि पदराने दगड पुसायचा. तेवढ्यासाठी आपण नाक वर केलं आणि त्या लोकांचं राहतं घर पणाला लावलं.

"अहो, खाली चला," ती म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता उठली.

देवडीत पाय ठेवायला जागा नव्हती. कोनाड्याला झेंडूची माळ लागली होती, उदबत्त्या पेटल्या होत्या, आणि तिच्या एका नारळाचे आता कितीतरी नारळ झाले होते. वासंती माणसांतून वाट काढत पुढे गेली, हात लांब केला आणि खणाचं टोक धरलं. तिच्या मनगटावर एका म्हाताऱ्या बाईचा हात पडला. प्रेमाने पडला. "ना बिटिया, चढ़ावा वापस नहीं लेते."

"ही देवी नाही," वासंती म्हणाली. मग हिंदीत म्हणाली, मोठ्याने. "ये देवी नहीं है. फाटक का पत्थर है. मैंने गलती से कुंकू लगाया. मेरी गलती है."

सगळे तिच्याकडे बघू लागले. ओळख पटली तशी कुजबुज पसरली. हीच ती, बाहेरगावची, जिने देवी ओळखली. दोघींनी वाकून तिच्या पायांना हात लावला. सकाळचा मफलरवाला पोरगा समोर आला. "माताजी, आप बाहर की हैं, आपको डर लग रहा होगा. डरिए मत. अब हम हैं ना."

ती पुन्हा बोलली, पुन्हा तेच. घंटेत ते बुडून गेलं. दरवाज्याशी एक पोलीस शिपाई उभा होता. सदाशिवरावांनी त्याला गाठलं, मी सरकारी अधिकारी आहे, हा सगळा गैरसमज आहे, असं सांगितलं. शिपायाने सगळं ऐकून घेतलं. त्याने बूट आधीच काढून ठेवले होते. "साहब, आप परिवार लेकर निकल जाइए," तो म्हणाला. "ये लोग आज रात यहीं बैठेंगे. कल माइक भी आ जाएगा."

आणि मग दोन खोल्यांचं काय होणार, हे कुणी विचारायचं? कुणीच विचारलं नाही. सदाशिवराव खाली मान घालून परत आले.

खोलीचं दार आतून बंद होतं. वासंतीने हळूच हाक मारली तेव्हा सकीनाने फटीतून तिला आत घेतलं. मुंतज़िर मियाँ खाटेवर ताठ बसला होता. "माझ्यामुळे झालं," एवढंच ती म्हणाली आणि रडायला लागली. कुणी तिची समजूत घातली नाही, आणि तिला राग आला नाही.

"रोइए मत, वक़्त नहीं है," सकीना म्हणाली. "दुल्हन को ले जाइए. अमीनाबाद में इसका मायका है."

मागच्या खेपेला नुज़हतचे दिवस भरत आले होते आणि शहरात कर्फ्यू लागला. दवाखान्यात पोचताच आलं नाही, मूल गेलं. सकीनाने हे दोन वाक्यांत सांगितलं. ती म्हातारी दोघं मात्र घर सोडणार नव्हती. घर सोडलं की संपलं. आणि नुज़हत निघतेय हेही बाहेर कळायला नको होतं. एक माणूस बाहेर पडलेलं दिसलं की घर रिकामं होतंय असं समजून ते लोक रात्रीच आत येतील. आत माणसं आहेत, सगळी आहेत, असं वाटलं तर कदाचित उद्या, परवा कुणी मोठा अधिकारी येईल, ऐकून घेईल. या 'कदाचित'वर त्या दोन म्हाताऱ्यांचा सगळा भार होता.

मागच्या खचलेल्या भिंतीतून त्यांनी नुज़हतला काढलं. विटांचा ढिगारा उतरताना सदाशिवरावांनी तिला हाताला धरून खाली घेतलं. जगदीशने व्हॅन शेताच्या बांधाने फिरवून आणली होती. मागच्या सीटवर वासंती आणि मैत्रेयीच्या मध्ये नुज़हत बसली. वासंतीने आपली लोकरी शाल तिच्या डोक्यावरून घातली, तिचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवलं आणि तिचा हात हातात धरला. तो बर्फासारखा गार होता.

पक्क्या रस्त्याला लागायच्या आधीच दोरी आडवी आली. पोरांनी रस्त्यावर दोरी धरली होती आणि येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून नव्या मंदिरासाठी वर्गणी मागत होती. सदाशिवरावांनी काच खाली करून काही नोटा पुढे केल्या. दोरी खाली जाणार तोच मफलरवाला मागच्या खिडकीशी आला.

"अरे, माताजी." त्याने हात जोडले. मग त्याची नजर शालीवर गेली. "ये कौन हैं?"

"भतीजी है. तबीयत ठीक नहीं," सदाशिवराव पुढून म्हणाले.

पोरगा खाली वाकला. गावातला पोरगा, किल्ल्याच्या दारावरून रोज जाणारा. शालीखालचा चेहरा दिसला असता तर त्याने ओळखला असताच. नुज़हतचा श्वास वासंतीला खांद्यावर जाणवत होता. पलीकडे मैत्रेयीने डोळे घट्ट मिटून घेतले होते. पोराचा हात काचेच्या कडेवर आला.

"सुनो," वासंती म्हणाली.

त्याने तिच्याकडे पाहिलं. त्याने शालीकडे नाही, आपल्याकडेच बघत राहावं, एवढंच तिला हवं होतं.

"मैंने पहले झूठ बोला था," ती म्हणाली. हिंदी आता अडखळली नाही. "डर गई थी. देवी ही है. तीन रात से सपने में आ रही थीं. बोलीं, मैं फाटक में बैठी हूँ, मेरी गोद भर दे. इसी लिए तो इतनी दूर से आई."

पोरगा सरळ उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगायचं. त्याने मागे वळून बाकीच्यांना हाक मारली. माताजींना दृष्टांत झाला होता, त्या स्वतः सांगताहेत. सगळे धावत आले, खिडकीपाशी हात जोडून उभे राहिले, कुणीतरी तिच्या मांडीवर झेंडूची फुलं टाकली. दोरी कुणी सोडली ते कळलंसुद्धा नाही. व्हॅन सुटली तेव्हा मागून जयजयकार ऐकू येत होता, आणि तो किल्ल्याच्या दिशेने चालला होता.

तेलीबाग गेली, छावणीतले शांत रस्ते गेले. शालीची गरज उरली नव्हती, नुज़हतने ती डोक्यावरून काढली, नीट घडी घातली आणि सीटवर ठेवली. मग तिने वासंतीच्या हातातून आपला हात सोडवून घेतला. ओढून नाही, हळूच घेतला.

"तुझ्यासाठी बोलले गं," वासंती मराठीतच म्हणाली. तिला हिंदी सुचेना.

नुज़हतला शब्द कळले असोत नसोत, अर्थ कळला होता. "जी," ती म्हणाली. "मालूम है."

अमीनाबादच्या तोंडाशी गर्दी होती, व्हॅन पुढे जाईना. नुज़हत तिथेच उतरली. सदाशिवराव बरोबर यायला निघाले, तिने मानेनेच नको म्हटलं. कमरेवर एक हात ठेवून ती कापडाच्या दुकानांमधल्या गल्लीत शिरली. गल्लीच्या वळणावर ती थांबली, परत आली आणि खिडकीशी वाकली.

"क़िले में अम्मी-अब्बू को मत बताइएगा कि आपने क्या कहा," ती वासंतीला म्हणाली. "वो कल तक किसी अफ़सर का इंतज़ार करेंगे."

वासंतीने मान डोलावली. नुज़हत निघून गेली आणि जगदीशने गाडी वळवली.